सगळं लिहून घेणारी बाई

सिंगापूरला लोक मोठं शहर म्हणतात. माझ्या कामापुरतं ते मध्यम आहे. बँका हव्या तेवढ्या, वकील हवे तेवढे; पण साक्ष चालू असताना यंत्रावर शब्दन् शब्द उतरवून घेणारे स्टेनो मोजकेच. त्यातले निम्मे कायम लवादाच्या सुनावण्यांत अडकलेले असतात आणि बाकीचे परदेशातून विमानाने आणावे लागतात. तांजोंग पगारमधल्या एका वकिलांच्या ऑफिसात गेली चौदा वर्षं मी ही व्यवस्था बघते. खोली, दुभाषी, स्टेनो, प्लग, पाण्याच्या बाटल्या. वकील येऊन बोलतात. त्यांना बोलता येईल असं बघणं हे माझं काम.

त्याच्या आधी मी स्वतः स्टेनो होते. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात सहा वर्षं. लग्न झालं, नवऱ्याच्या बँकेनं त्याला इकडे पाठवलं, आणि माझं मराठी लघुलेखन तिथेच राहिलं. हे आधी सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात चूक माझी होती, आणि ती टाळू शकेल असं माणूस त्या खोलीत मी एकटीच होते.

अमेरिकेतल्या एका वकिलांकडून काम आलं. चार वर्षांपूर्वी इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात तेलाच्या टाकीत स्फोट झाला होता. आत वेल्डिंगला उतरलेले दोन कामगार गेले. यार्डाची मालक कंपनी अमेरिकन, म्हणून त्या दोघांच्या घरच्यांनी दावा तिकडे लावला होता, आणि हे वकील त्यांच्या बाजूचे. कंपनीच्या अहवालात एकच वाक्य कामाचं होतं: सुपरवायझरने वायूची तपासणी न करता टाकीत उतरण्याचा परवाना दिला. तो सुपरवायझर इथल्याच यिशुन भागात राहत होता. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टर महिन्यांची भाषा सोडून आठवड्यांवर आले होते.

अमेरिकेत खटला उभा राहण्याआधी साक्षीदाराची साक्ष कोर्टाबाहेर घेता येते. दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात, न्यायाधीश नसतो. शपथ देण्याचं कामही स्टेनोच करतो, आणि त्यानं लिहिलेलं जसंच्या तसं कोर्टापुढे जातं. या माणसाच्या बाबतीत ती एकच साक्ष होणार होती, दुसरी होणं शक्य नव्हतं.

अमेरिकन वकील फोनवर म्हणाला, "स्टेनो मिळत नसेल तर रेकॉर्डर लावा. नंतर कोणीतरी ऐकून टाइप करेल."

मी नाही म्हणाले. माणूस ऑक्सिजनवर, आवाज खोल गेलेला. रेकॉर्डर पंख्याचा आवाज नीट पकडतो आणि माणसाचा सोडतो. असे टेप मी ऐकलेले आहेत. दर दोन ओळींनी 'अस्पष्ट', 'अस्पष्ट'. मरणाऱ्या माणसाची साक्ष अशी होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. त्याबद्दल मला थोडा अभिमानही वाटला होता, तोही सांगून टाकते.

चार फोन फुकट गेले. पाचव्या फोनवर एक बाई मिळाल्या. साठीच्या, चिनी, जन्म इथलाच, तीस वर्षं हेच काम. त्यांनी साक्षीदार कोण, खटला कशाचा, हे काहीच विचारलं नाही. टेबलाची उंची विचारली. साक्षीदार आपल्यापासून किती अंतरावर बसेल, विचारलं. ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज किती येतो, विचारलं. "एक फुटावर बसवा," त्या म्हणाल्या. "आणि मशीन दुसऱ्या खोलीत. मला ऐकू आलं तर मी लिहीन. सगळं लिहीन."

मला हवी तशीच बाई होती.

साक्षीच्या चार दिवस आधी मी यिशुनला गेले. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्टसमोर तुळशीची कुंडी आणि तिच्या शेजारी कोणाची तरी सायकल. दार उघडलं त्या बाईंनी माझी पिशवी बघितली, कपाळ बघितलं आणि सरळ मराठीत विचारलं, "ऑफिसातून आल्या का?"

आत हॉलमध्ये हॉस्पिटलचा पलंग. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. पलंगावर तो माणूस उशांना टेकून बसला होता. त्रेसष्ट वर्षांचा, मूळचा नागपूरचा, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पास होऊन आधी बुटीबोरीला आणि मग इकडे आलेला. दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते.

"मॅडम मराठी आहेत," बायकोनं सांगितलं.

"मग मॅडम काहून म्हणतेस? ताई म्हण ना." मला म्हणाले, "बसा ताई. पोहे खाल्ल्याशिवाय ही तुम्हाला टेबल मोजू देणार नाही."

मी पोहे खाल्ले आणि टेबल मोजलं. दोन इंच जास्त उंच होतं. प्लग पलंगामागे एकच होता. मशीनला लांब नळी लागणार होती. ऑक्सिजनवाल्याला फोन करून सात मीटरची नळी सांगितली, म्हणजे मशीन स्वयंपाकघरात जाईल आणि दार लावता येईल. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मोठी होती, ते काढून ठेवायला सांगितलं.

"घड्याळ पण?" वहिनी म्हणाल्या.

"राहू दे काढलेलं," ते म्हणाले. "तसंही मी त्याच्याकडे पाहून पाहून कंटाळलो."

वहिनी हसल्या नाहीत.

साक्षीतल्या मजकुराबद्दल मी साक्षीदाराशी बोलायचं नसतं. तो नियम मी पाळते. पण ते आपणच सुरू झाले. "मला दुसरं काही नाही पाहिजे ताई. पैसे त्या दोघांच्या घरी जाऊ देत. माझं एवढंच आहे की वायू तपासायचं मीटर बिघडलं होतं आणि मॅनेजरला मी ते सांगितलं होतं, हे कागदावर यावं. चार वर्षं झाली, ती दोन माणसं माझ्या नावावर लिहून ठेवली आहेत यांनी. जायच्या आधी ते नाव तिथून काढायचं आहे."

"ते वकिलांना सांगा, दादा. मी फक्त टेबलाचं बघते."

"हो हो. साक्ष मला नवीन नाही. बुटीबोरीला असताना बॉयलरच्या अपघातात दिली होती, नागपूरच्या कामगार न्यायालयात. फार सज्जन जज्ज होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग टायपिस्टला सांगितलं."

मी म्हणाले, "मी तेच काम करत होते. साताऱ्याला."

"काय सांगता! मग तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. आपल्याकडे साक्षीदार बोलतो ते लिहिलं जात नाही. साक्षीदार बोलतो, चाचपडतो, मागे जातो, पुन्हा येतो. न्यायाधीश ऐकतात, आणि त्यातलं सार एका सरळ वाक्यात स्टेनोला सांगतात. 'असे म्हणणे खरे नाही की, मी घटनास्थळी हजर नव्हतो.' असं वाक्य कोणताही शेतकरी, कोणताही कंडक्टर तोंडाने बोलत नाही; पण माझ्या हातून अशी हजारो वाक्यं टाइप झाली, सगळ्यांच्या नावावर, एकाच भाषेत. साक्षीदार पहिल्यांदा काय म्हणाला ते हवेत जायचं. राहायचं ते न्यायाधीशांनी सांगितलेलं.

त्या दिवशी आम्ही त्यावर हसलो सुद्धा. ते जज्जांची नक्कल करून म्हणाले, "'मीटर नादुरुस्त असल्याने मी वरिष्ठांस कळविले.' असं छान यायचं ना?" मी म्हणाले, "'तदनंतर' राहिलं." वहिनींनी चहा आणला. मी नळीच्या लांबीचा हिशेब वहीत लिहिला आणि निघाले. इथे तसं होत नाही, इथे न्यायाधीशच नसतो, आणि ही बाई तुमचा श्वाससुद्धा लिहील, हे मी त्यांना सांगितलं नाही. वकिलाने व्हिडिओवर त्यांची तयारी करून घेतली होती. तो सांगेल, असंही मला वाटलं नव्हतं. माझ्या मनात तो विषयच आला नाही. मी प्लगचा विचार करत होते.

साक्षीच्या दिवशी आम्ही सकाळी नऊला बसलो. दोन्ही वकील अमेरिकेहून आले होते. आमच्या बाजूचा जाडसर, सतत घाम पुसणारा. कंपनीचा सडपातळ, अतिशय सभ्य. त्यानं दारात स्वतःहून बूट काढले. वहिनींनी आतल्या खोलीत बसावं असं दादांनीच सांगितलं होतं. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मशीन स्वयंपाकघरात, घड्याळ कपाटात. खोली इतकी शांत झाली होती की खालच्या बसचा हॉर्न ऐकू आला तेव्हा सगळे दचकले.

स्टेनोबाईंनी विचारलं, शपथ घेणार की प्रतिज्ञा. "देव नको," ते इंग्रजीत म्हणाले, "प्रतिज्ञा." त्यांनी हात वर केला आणि प्रतिज्ञा संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.

कंपनीच्या वकिलाने ठरलेला प्रश्न विचारला: स्मरणशक्तीवर परिणाम होईल असं काही औषध घेतलं आहे का? नाही, ते म्हणाले. खरं होतं. पहाटेचा मॉर्फिनचा डोस त्यांनी घेतला नव्हता. वहिनींनी मला दारातच सांगितलं होतं, तक्रार केल्यासारखं.

आमच्या वकिलाची सरतपासणी चांगली झाली. मीटर तीन दिवस चुकीचा आकडा दाखवत होतं. नवीन मागितलं होतं. मॅनेजर काम थांबवायला तयार नव्हता. दादा सावकाश बोलत होते, मधे थांबून नळी नीट करत होते. बाईंची बोटं आवाज न करता चालत होती. त्या यंत्राकडे बघत नव्हत्या, ओठांकडे बघत होत्या.

मग कंपनीचा वकील पुढे सरकला. आवाज अगदी मऊ. "सर, मीटर बिघडल्याचं तुम्ही मॅनेजरना नक्की कधी सांगितलंत?"

दादांनी डोळे मिटले. आणि मग ते बोलायला लागले. ते उत्तर नव्हतं. माणूस डाव्या बाजूचं कपाट उघडतो, बंद करतो, मग उजवं उघडतो, तसं ते इंग्रजीतच पुटपुटत होते. आदल्या दिवशी. संध्याकाळी. फोनवर. सकाळी नाही. सकाळी परवान्यावर... नाही. थांबा. सकाळी. सकाळीच. ते आधीचं लिहू नका. एवढं पुटपुटून त्यांनी डोळे उघडले, मान ताठ केली आणि मोठ्यानं सांगितलं, "अपघाताच्या दिवशी सकाळी, परवाना देण्यापूर्वी, मी मॅनेजरना कळवलं."

आणि ते थांबले. वाक्य पूर्ण केल्यावर माणूस थांबतो तसे नाही. टायपिंगचा आवाज सुरू होण्याची वाट बघत थांबले.

बाईंची बोटं केव्हाच थांबली होती. सगळं लिहून झालं होतं.

"सर," कंपनीचा वकील म्हणाला, "तुम्ही दोन उत्तरं दिलीत. त्यातलं कोणतं खरं?"

"शेवटचं. शेवटचं माझं उत्तर आहे."

"मग पहिलं काय होतं?"

"ते मी विचार करत होतो. ते साक्षीत नाही."

"ते साक्षीत आहे, सर."

दादांनी खोलीत सगळीकडे पाहिलं. आमच्या वकिलाकडे, बाईंच्या यंत्राकडे, मग माझ्याकडे. मराठीत म्हणाले, "ताई, साहेब नीट सांगतील ना आता?"

ते जज्जाची वाट बघत होते. कोणीतरी पुटपुटणं बाजूला काढेल, सरळ वाक्य उचलेल आणि टायपिस्टला सांगेल, याची. मी तोंड उघडायच्या आत कंपनीच्या वकिलाने हात वर केला. "त्या बाईंनी साक्षीदाराशी बोलू नये, असा माझा आक्षेप नोंदवा." आक्षेप नोंदवला गेला. मी खाली बघत बसले. वही उघडी होती, तिच्यात सात मीटर असं लिहिलेलं होतं.

त्यानंतर तासभर तो एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी येत राहिला. सकाळी किती वाजता? फोनवर की समोर? मग संध्याकाळ का आठवली? 'परवान्यावर' म्हणून थांबलात, पुढे काय म्हणणार होतात? दादांचा आवाज आटत गेला, तशा बाई आणखी पुढे वाकल्या. एक वाजता दादा पलंगावर आडवे झाले. साक्ष पूर्ण झाली असं दोन्ही वकिलांनी मान्य केलं. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं.

लिफ्टपाशी बाई यंत्राची पेटी बंद करताना म्हणाल्या, "चांगली खोली केली होतीस. सगळं ऐकू आलं."

घरी मुलीला सांगितलं. ती चोवीस वर्षांची आहे, आणि अशा वेळी इथल्या इंग्रजीत मराठी मिसळून बोलते. "मा, नॉट युअर फॉल्ट लाह. लॉयरने सांगायला हवं होतं."

"वकिलाला काय माहीत नागपूरच्या कोर्टात काय चालतं?"

"देन हू नोज?"

"मला माहीत होतं," मी म्हणाले, आणि कुकर लावला.

आठ दिवसांनी नोंद आली. एकशे बारा पानं. साक्षीदाराने ती वाचून सही करायची असते. काही बदलायचं असेल तर वेगळ्या तक्त्यावर पान, ओळ, बदल आणि बदलाचं कारण लिहायचं. मूळ ओळ खोडायची नाही. नोंद आणि तक्ता घेऊन मी सकाळीच यिशुनला गेले. आठ दिवसांत दादांचा चेहरा आणखी आत गेला होता. वहिनींना त्यांनी औषधांच्या दुकानात पाठवलं. औषध घरात होतं. मी टेबलावर पाहिलं होतं.

मी प्रत त्यांच्यापुढे धरली, ते वाचत होते. चौसष्टाव्या पानावर थांबले. तिथे सगळं होतं. आदल्या दिवशी, संध्याकाळी, सकाळी नाही, थांबा, लिहू नका. 'लिहू नका' हेही लिहिलेलं. आणि खाली, कंसात: साक्षीदार परकीय भाषेत बोलतो.

"हे मी असं बोललो?"

"हो."

"एखादा खोटारडा बोलतो तसं वाटून राहिलं, नाही?" ते हसल्यासारखे झाले आणि खोकला आला. खोकला गेल्यावर म्हणाले, "तुम्ही साताऱ्याला लिहायच्या तसं लिहून द्या ना. एक वाक्य. मी सही करतो."

"दादा, तसं करता येत नाही. तुम्ही बदल सांगा, मी तक्त्यावर लिहिते. पण आधीचंही तसंच राहतं. दोन्ही पुढे जातात."

"काहीच पुसलं जात नाही?"

"नाही." मग मला सांगावंच लागलं. "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. त्या दिवशी पोहे खाताना. माझी चूक झाली."

त्यांनी हात हलवला. माझ्या चुकीत त्यांना रस नव्हता. मग पानावरची नजर न काढता म्हणाले, "सकाळी सांगितलं नव्हतं, ताई. आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, हे खरं. फोनवर. तो म्हणाला, उद्या बोलू. सकाळी तो समोर आला तेव्हा माझ्यानं बोलवलं नाही. मागच्या वेळी काम थांबवलं होतं म्हणून सगळ्यांदेखत फाडून खाल्लं होतं त्यानं मला. मी सही केली. दोघं खाली उतरले." श्वास घेतला. "सकाळी सांगितलं असं मी चार वर्षं म्हणत आलो. हिला पण तेच सांगितलं आहे. आता मलाच ते आठवतं, पाहा. त्यानं विचारलं तेव्हा तोंडातून खरं आधी बाहेर आलं."

मी म्हणाले, "हे मला सांगू नका. वकिलांना सांगा." कोरडं वाटलं असेल. पण त्या खोलीत त्याचा उपयोग होण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. मी तिथूनच अमेरिकेला फोन लावला. तिकडे जेवणाची वेळ होती. स्पीकरवर टाकला. दादांनी पुन्हा सांगितलं, इंग्रजीत, या वेळी एकदाही न अडखळता. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"याचा परिणाम काय होईल हे त्यांना समजतंय का?" वकिलाने मला विचारलं. "मीटर खराब आहे हे माहीत असून त्यांनी सही केली, असं त्यांच्याच हातचं लेखी होईल."

"मी ऐकतो आहे," दादा म्हणाले. "मला विचारा."

"समजतंय का, सर?"

"समजतं. पण मी सांगितलं होतं, हेही लेखी होईल ना?"

"होईल."

पान चौसष्ट, ओळ अकरा. 'अपघाताच्या दिवशी सकाळी' याऐवजी 'आदल्या दिवशी संध्याकाळी'. कारणाच्या रकान्यात काय लिहू, मी विचारलं. ते थोडा वेळ विचार करत होते, पण या वेळी तोंड मिटून. मग म्हणाले, "हे खरं आहे म्हणून." मी तेवढंच लिहिलं. तक्त्यावर सही करायला त्यांना दोन वेळा थांबावं लागलं. वहिनी परत आल्या तेव्हा मी कागद पिशवीत ठेवले होते.

त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले. मंदाईच्या दहनगृहात मी गेले होते. मराठी माणसं वीसेक होती. यार्डातला एकच आला होता, एक म्हातारा तमिळ फोरमन, आणि तो शेवटपर्यंत बाहेरच उभा राहिला.

खटल्याचं पुढे असं झालं. फोन कंपनीच्या नोंदी मागवल्या गेल्या. अपघाताच्या सकाळी दादांच्या नंबरवरून मॅनेजरला फोन नव्हता. आदल्या दिवशी संध्याकाळी होता, चार मिनिटांचा. मॅनेजरने साक्षीत सांगितलं की तो फोन सुट्टीच्या पाळीबद्दल होता. त्या चार मिनिटांत काय बोलणं झालं ते लिहून घ्यायला तिथे कोणी नव्हतं. पण तक्त्यावरची सही मरणाच्या दारातल्या माणसाची होती आणि त्याच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारी होती. खटला उभा राहू द्यायला कंपनी घाबरली. दोन्ही कुटुंबांशी तडजोड झाली. अटी गुप्त. निकाल नाही. निकाल नाही म्हणजे कोणी काही ठरवलं नाही, आणि कंपनीच्या अहवालातलं ते एक वाक्य आहे तसंच राहिलं. सुपरवायझरने वायूची तपासणी न करता परवाना दिला. मॅनेजरचं नाव त्यात नाही.

मी हे वहिनींना फोनवर सांगू शकले असते. पण साक्षीदाराला त्याच्या साक्षीची प्रत मिळू शकते, आणि तो नसेल तर त्याच्या बायकोला; ते मी आधी लेखी विचारून घेतलं, आणि प्रत घेऊन एका रविवारी गेले. पलंग परत गेला होता. त्याच्या चाकांचे चार डाग फरशीवर होते. घड्याळ पुन्हा भिंतीवर.

"म्हणजे नाव निघालं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही निघालं."

"मग एवढं लिहून घेतलं ते कशाला?"

त्यांनी प्रत हातात घेतली, वजन बघितल्यासारखी केली आणि मला परत दिली. "माझं इंग्रजी भाजी आणण्यापुरतं आहे, ताई. वाचून दाखवता का? त्या दिवशी मला आत बसवलं होतं यांनी. दारातून नुसता आवाज येत होता."

मी वाचत गेले, मराठीत सांगत गेले. चौसष्टावं पान आलं. सगळं सांगितलं, पुटपुटणंसुद्धा. मग तक्ता. त्यांनी मला थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे सकाळी सही करून टाकली होती."

"हो."

"त्या दिवशी डबा नेला नव्हता यांनी. मी म्हटलं, काहून नेत नाही, तर माझ्यावर ओरडले. कधी ओरडायचे नाहीत." त्यांनी साडीचा काठ नीट केला. मग वाकून पानावरच्या कंसावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"साक्षीदार परकीय भाषेत बोलतो, असं लिहिलं आहे."

"म्हणजे मराठीत. काय म्हणाले होते?"

"'साहेब नीट सांगतील ना आता?' असं म्हणाले."

"मग? सांगितलं का कोणी?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे कोणी साहेब नव्हता." आणि पुढचं पान उलटलं, कारण त्यांना शेवटपर्यंत ऐकायचं होतं आणि अजून अठ्ठेचाळीस पानं राहिली होती.